वरच्यांचे सारमे

२० ऑक्टोबर, मंगळवार

माझ्या मुलानं, ओक्तायनं, शपथ घातली आहे, या प्रकरणाबद्दल कुणाशी अवाक्षर बोलायचं नाही. शेजारणीशी नाही, फोनवर नाही, भाजीवाल्याशी तर नाहीच. वहीचं नाव त्यानं घेतलं नाही, म्हणून वहीत लिहिते आहे. सगळी नोकरी मी मुख्याध्यापिका म्हणून दुसऱ्यांना गप्प बसवण्यात घालवली. स्वतः गप्प बसायचं वळण मला कुणी लावलं नाही.

तर प्रकरण असं. माझा इल्कर ज्या जहाजावर इंजिनिअर आहे ते जहाज अडकलं आहे. इल्कर माझ्या धाकट्या बहिणीचा. ती गेली तेव्हा तो माझ्या कमरेएवढा होता, तेव्हापासून माझाच. जहाज आपलं, झेंडा आपला, पण पोटातला माल पश्चिमेकडच्या एका देशाचा. पूर्वेकडच्या एका देशाच्या बंदरात तेल भरायला थांबलं आणि त्यांनी धरून ठेवलं. ते म्हणतात, माल उतरवा आणि मग खुशाल जा. पश्चिमवाले म्हणतात, त्या मालाला कुणी हात लावू दिला तर तुमच्या जहाजांना आमच्या एकाही बंदरात थारा नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये माझं पोर. महिना व्हायला आला. जमिनीवर पाय ठेवू देत नाहीत.

दोन्ही देशांची नावं लिहीत नाही. वही कुणाच्या हाती लागली तर ओक्तायची परराष्ट्र मंत्रालयातली नोकरी जायची. आणि नावांची गरजही नाही. आमची गल्ली चढावर आहे. वरच्या टोकाला पश्चिमवाल्यांची वकिलात, खालच्या वळणावर पूर्ववाल्यांची, मधोमध आमची इमारत. गल्लीत सगळे त्यांना वरचे आणि खालचे असंच म्हणतात. वसंतापासून वरचे खालच्यांशी बोलत नाहीत. खालच्यांची गाडी वर जायची असली तरी लांबच्या रस्त्यानं वळसा घालून जाते.

ओक्तायचे साहेब आज टीव्हीवर म्हणाले, आपला देश पूर्व आणि पश्चिम यांच्यामधला पूल आहे. मला हे पुलाचं कौतुक कधीच पटलं नाही. भूगोल शिकवतानाही मी पुस्तकातलं ते वाक्य मुलांना खोडायला लावायची. पुलावरून सगळे जातात, पुलाला कुणी चहा विचारत नाही. आपण पूल नाही, घर आहोत. दोन रस्त्यांच्या चौकातलं, पण घर.

२४ ऑक्टोबर, शनिवार

मुहर्रमची आशुरे झाली. गहू, हरभरे, वाल, जर्दाळू, अंजीर, वर डाळिंबाचे दाणे. ढवळून ढवळून खांदा भरून आला. महाप्रलयानंतर हजरत नूहची नाव किनाऱ्याला लागली तेव्हा नावेत जे जे उरलं होतं ते एका भांड्यात शिजवलं, त्याची ही खीर. ढवळता ढवळता ते मनात आलं आणि मी चूल बंद करून थोडा वेळ खोलीत जाऊन बसले. नाव किनाऱ्याला लागली म्हणून करायची खीर, आणि माझं पोर नावेतच.

वाडगे भरले तेव्हा दुर्सुनला हाक मारली. दुर्सुन आमच्या इमारतीचा रखवालदार. सकाळी पाव आणतो आणि त्याबरोबर गल्लीतल्या सगळ्या बातम्या. ट्रेमध्ये दोन वाडगे जास्त बघून तो घुटमळला. "बाई, यंदा पण त्या दोघांना?" मी विचारलं, का, ते यंदा शेजारी नाहीत का? तो म्हणाला, त्यांच्यामुळे आपला इल्कर... मी म्हटलं, दुर्सुन एफेंदी, शेजाऱ्याची वाटणी रागावर ठरत नाही. वास त्यांच्या खिडकीपर्यंत गेला की वाडगाही गेलाच पाहिजे. रागावले आहे म्हणून मी माझी रीत सोडणार नाही. तेवढी आपली ऐपत आहे.

गेला तो बिचारा चढ चढून.

२६ ऑक्टोबर, सोमवार

वाडगे परत आले. खालच्यांचा मनुके आणि पिस्त्यांनी भरून. वरच्यांचा रिकामा.

रिकामा! धुऊन, पुसून, कागदात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पण रिकामा. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं हे पाळण्यातल्या लेकरालाही कळतं. काही नाही तर दोन लिंबं टाकावीत, चिमूटभर साखर टाकावी. दुर्सुन म्हणाला, बाई, नवी माणसं आहेत, सोडून द्या. मी कोट घातला आणि चढ चढून गेले. फाटकावरच्या पहारेकऱ्याला शांतपणे समजावून सांगितलं. आवाज चढवला नाही. दुर्सुन म्हणतो पार वळणापर्यंत ऐकू आला, पण त्याला तिखटमीठ लावायची सवयच आहे.

संध्याकाळी ओक्ताय आला तो बूट न काढताच. "आई, तू वकिलातीकडे तक्रार केलीस?" मी सांगितलं, तक्रार नाही, शिकवण. म्हणाला, त्यांनी मंत्रालयाला फोन करून विचारलं, हा अधिकृत निषेध समजायचा का. मग कपाळाला हात लावून बसला. मी त्याला आशुरे वाढली. दोन वाडगे खाल्ले आणि जाताना म्हणाला, यापुढे मला विचारल्याशिवाय काहीही करू नकोस. स्वतःच्या आईला असं बोलतात.

२७ ऑक्टोबर, मंगळवार

शिकवण लागू पडली. वरच्यांच्या राजदूतांच्या खालोखाल जी बाई आहे ती स्वतः दारात. ताडमाड उंच, केस पांढरे पण वय तेवढं नसावं. तिला मी मॅडम म्हणते. आपली भाषा बोलते, प्रत्येक शब्द तपासून. हातात चिनी मातीची थाळी, काठावर त्यांचं सोनेरी राजचिन्ह, थाळीत बिस्किटं. म्हणाली, "बाई, आम्हाला माहीत नव्हतं. आम्हाला लाज वाटते." बाई म्हणायचं तिला दुर्सुननं शिकवलं असणार. माफी स्पष्ट होती, सबब नव्हती. असे विद्यार्थी मला आवडतात. मी तिला चहा दिला. इल्करचं नाव काढलं नाही. भीक मागायची नाही असं ठरवलं आहे.

बिस्किटं मात्र भुश्शासारखी. आता त्यांची थाळी माझ्याकडे आहे, म्हणजे ती भरून पाठवणं आलं.

३१ ऑक्टोबर, शनिवार

इल्करचा फोन. आवाज लहान झाल्यासारखा वाटला. पिण्याचं पाणी मोजून देतात, आणि म्हातारे कॅप्टन अंथरुणावरून उठत नाहीत. "मावशी, आपल्याला विसरले का ग सगळे?" मी त्याला झापलं. म्हटलं, दाढी केलीस का, रोज करत जा, कैद्यासारखा राहू नकोस. फोन ठेवला आणि रडले. लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

हाताला काम हवं म्हणून सारमे करायला बसले. तोकातची द्राक्षाची पानं, तांदूळ, बेदाणे, वाळवलेला पुदिना, वरून आंबट चेरी. पानात सारण घालून दिवसभर वळत होते. माझा सारमा करंगळीपेक्षा जाड होत नाही. रीझेत माझ्या सासूनं लग्नाआधी पाहिलं होतं ते माझं तोंड नाही, सारमा. राजचिन्हाची थाळी भरली वरच्यांसाठी. माझी निळी थाळी भरली खालच्यांसाठी, त्या मनुक्यांची परतफेड. दुर्सुनकडे दोन्ही दिल्या.

१ नोव्हेंबर, रविवार

दुर्सुननं घोळ घातला. काल कानाला मोबाइल लावून फुटबॉलचा सामना ऐकत चालला होता. वरच्यांची राजचिन्हाची थाळी खालच्यांच्या फाटकात दिली आणि माझी निळी वर. आज बोलता बोलता तोंडातून निसटलं म्हणून कळलं. शाळेत असते तर त्याला सामना संपेपर्यंत कोपऱ्यात उभं केलं असतं.

२ नोव्हेंबर, सोमवार

आज गल्लीत जे झालं ते सगळ्या खिडक्यांनी पाहिलं.

अकराच्या सुमारास खालच्या वकिलातीचं फाटक उघडलं आणि त्यांचे टोपीवाले बाहेर आले. हे त्यांचे दुसऱ्या नंबरचे साहेब, जाडजूड, उन्हातही डोक्यावर लोकरीची टोपी. दोन्ही हातांत ती राजचिन्हाची थाळी, वर पिवळीधमक बिहीची फळं रचलेली. गाडी नाही, नोकर नाही. धापा टाकत चढ चढले, माझ्या खिडकीखालून गेले आणि थेट वरच्यांच्या फाटकात. फाटक उघडलं! आत गेले ते जेवणवेळेपर्यंत बाहेर आले नाहीत. दुर्सुननं पहारेकऱ्याकडून काढलेली बातमी अशी, की टोपीवाले मॅडमला म्हणाले, तुम्ही आमच्या दारी असे सारमे पाठवलेत, आम्ही गप्प बसलो तर आम्हाला माणूस कोण म्हणेल.

म्हणजे माझे सारमे वरच्यांच्या नावावर! आणि मॅडमनं काय केलं, तर "आनंद झाला" म्हणून फळं ठेवून घेतली. आयत्या बिळावर नागोबा. जिच्याकडे भुश्शाची बिस्किटं होतात तिनं माझं श्रेय गिळावं? मी कोट घातला, रुमाल बांधला. दार उघडते तर समोर ओक्ताय, भर कामाच्या वेळी, धावत जिना चढून आलेला. दुर्सुननं फोन केला असणार, फितूर.

"आई, कुठे निघालीस?"

"सांगायला. ते सारमे कुणी केले ते सांगायला."

तो दारात आडवा उभा राहिला. मंत्रालयात असतो तसा चेहरा नव्हता. लहानपणी ताप आला की असायचा तसा होता. "आई, वसंतापासून त्या दारातून या दारात कुणी गेलं नव्हतं. मोठमोठ्यांनी सांगून पाहिलं. आज एक माणूस स्वतःच्या पायानं गेला, कारण त्याला वाटलं की त्यांनी पहिलं पाऊल टाकलं. तू जाऊन सांगितलंस की ते पाऊल नव्हतंच, तर तो परत खाली जाईल आणि पुन्हा वर येणार नाही."

मी म्हटलं, "पण माझे आहेत ते."

"माहीत आहे. इल्करही तुझाच आहे."

पोरगा बोलायला कुणाकडून शिकला कोण जाणे. मी कोट काढला. आयुष्यात मी दुसऱ्याच्या धड्यावर माझं नाव घातलं नाही आणि माझ्या धड्यावर दुसऱ्याचं घालू दिलं नाही. आज घालू दिलं. जेवण गेलं नाही.

४ नोव्हेंबर, बुधवार

मॅडम दारात. मान खाली. म्हणाली, मला सारमे करायला शिकवाल का? बिचारीला अजून त्या रिकाम्या वाडग्याची लाज वाटत असावी. मी मनातला राग गिळून तिला ओट्याशी उभं केलं. तिनं वळलेला पहिला सारमा अंगठ्याएवढा, दुसरा उलगडला, तिसऱ्याचं पान फाटलं. दहापैकी दोन गुण दिले. ती हसली नाही, पुन्हा वळायला लागली. येताना माझी निळी थाळी आणली होती, तीत मध. शिकते आहे.

१० नोव्हेंबर, मंगळवार

नऊ वाजून पाच मिनिटांनी, आपले राष्ट्रपिता गेले त्या क्षणाला, भोंगे वाजले. दरवर्षीसारखी मी खिडकीशी उभी राहिले. गल्लीतली गाडी थांबली, पाववाला थांबला. वर फाटकाबाहेर मॅडम थांबलेली दिसली, खाली वळणावर टोपीवाले, टोपी हातात धरून. त्यांचं टक्कल मी पहिल्यांदा पाहिलं. ना हा देश त्यांचा, ना ती आठवण त्यांची. भोंगे थांबेपर्यंत दोघं हलले नाहीत. 

१५ नोव्हेंबर, रविवार

मॅडम आता दर दोन-तीन दिवसांनी येते. आज पाच गुण. प्रश्न फार विचारते. पानं कुठली, किती वेळ पाण्यात ठेवायची, चेरी का घालतात, सासूनं काय सांगितलं होतं. वहीत टिपून घेते. मी म्हटलं, एवढं कशाला? म्हणाली, तिथे चहाला बसलं की ते मला विचारतात. कोण ते, तर गोरीमोरी होऊन पाण्याचा नळ सोडला.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. टोपीवाले विधुर आहेत, दुर्सुननं सांगितलं होतं. हिच्या बोटात अंगठी नाही. आठवड्यातून दोनदा थाळी वर, थाळी खाली, चहाला तास तास. ओक्तायला फोन करून सांगितलं की तुमचं मंत्रालय झोपलं आहे, इथे सोयरीक जुळते आहे. तो इतका हसला की फोन खाली ठेवावा लागला. म्हणाला, आई, हे फक्त मला सांगितलंस ना? तसंच राहू दे, आणि मॅडमला शिकवत राहा. किती वर्षांनी माझा मुलगा माझ्या स्वयंपाकाबद्दल चांगलं बोलला.

इल्करच्या जहाजावर ताजं पाणी पोचलं. हे कसं झालं ते कुणी सांगत नाही.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

सगळं फिसकटलं. इल्करचा फोन आला तो घाबरलेला. कॅप्टनना बोटीत घालून किनाऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं, बाकीच्यांच्या दारावर बंदूकवाले वाढवले. ओक्ताय फोन उचलत नाही.

दुपारी मॅडम आली, डोळ्यांखाली काळं. सहज म्हणाली, आमची थाळी काल खालून परत आली, अगदी स्वच्छ. मी विचारलं, स्वच्छ म्हणजे? म्हणजे धुतलेली. आणि आत? आत काही नव्हतं.

मी खुर्ची ओढून बसले. वरच्यांनी रिकामं भांडं पाठवलं तो अडाणीपणा होता. खालचे रिकामं पाठवतात तेव्हा ते तोंडावर दार लावणं असतं. त्यांना रीत माहीत आहे, आपल्याइतकीच. मी तिला विचारलं, शेवटचे सारमे कसे झाले होते, खरं सांग. म्हणाली, मला वेळ नव्हता, दिवसभर राजधानीतून फोन येत होते. मी दुकानातून आणले. डब्यातले.

डब्यातले!

मी तिला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. ती आपल्या देशाची मोठी अधिकारी आहे, पण माझ्या ओट्याशी ती विद्यार्थिनी आहे. ज्या माणसानं टोपी सावरत, धापा टाकत चढ चढून फळं आणली, त्याच्यापुढे डबा फोडून ओतायचा? त्यानं समजायचं काय? हेच की आता यांना आपली गरज नाही. ओक्ताय रात्री बोलला तेव्हा म्हणत होता, वरच्यांच्या राजधानीतून काल कडक भाषेत पत्रक निघालं, त्यामुळे खालचे बिथरले. वर्तमानपत्रातही तेच आहे. पत्रकं रोज निघतात. कारण डबा आहे.

मॅडमला सांगितलं, रविवारी सकाळी ये. राजधानीचा फोन घरी ठेवून.

२२ नोव्हेंबर, रविवार

आली. फोन आणला नव्हता. मी सारण करून ठेवलं नाही, सगळं तिच्याकडून करवून घेतलं. मी समोर बसले, हात मांडीवर. एकही पान उचललं नाही, एकही सारमा सरळ केला नाही. देवच जाणे मला काय कष्ट पडले. बोटं शिवशिवत होती. ती चुकली की मी फक्त म्हणायची, पुन्हा. दुपारी तिची पाठ धरली, तरी उठली नाही. मध्येच म्हणाली, तुमचा मुलगा त्या जहाजावर आहे ना. मला वाटलं होतं तिला ठाऊक नाही. मी म्हटलं, बहिणीचा. ती म्हणाली, तुम्ही एकदाही बोलला नाहीत. मी म्हटलं, मी शेजारी आहे, अर्जदार नाही. पान सरळ धर.

संध्याकाळी पातेलं उघडलं. करंगळीएवढे नाहीत, पण अंगठ्याएवढेही नाहीत. मधल्या बोटाएवढे, एकसारखे, एकही फुटलेला नाही. मी आठ गुण दिले. माझ्या शाळेत आठ गुण म्हणजे काय ते माझ्या जुन्या मुलींना विचारा.

म्हणाली, ड्रायव्हरबरोबर पाठवते. मी नुसतं बघितलं. तिनं थाळी उचलली, दोन्ही हातांत धरली आणि उतार उतरायला लागली, एवढी उंच बाई, उंच टाचांच्या बुटांत, सांभाळत सांभाळत. खिडक्यांमधून सगळी गल्ली बघत होती. खालच्यांच्या फाटकाशी बराच वेळ उभी राहिली. मी पडदा मुठीत धरून उभी होते. मग दार उघडलं आणि टोपीवाले स्वतः बाहेर आले. थाळीकडे पाहिलं, तिच्या बोटांकडे पाहिलं, आणि बाजूला होऊन तिला आत घेतलं.

दिवे लागले तरी ती आतच होती. मी दुर्सुनला म्हटलं, ही आमची पद्धत आहे, चढावरच्या लोकांची. तो म्हणाला, बाई, तुम्ही रडता आहात. काहीतरीच.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

शिक्षक दिन. जुन्या मुली आल्या, फुलं आली. एक गुच्छ वरून आला. टोपीवाल्यांची थाळी काल भरून वर गेली म्हणे, अक्रोडांनी. मला दिवसभरातली तीच बातमी गोड लागली.

३ डिसेंबर, गुरुवार

जहाज सुटलं.

ओक्ताय घरी येऊन सांगून गेला. उभ्यानंच, कारण परत जायचं होतं. तोड अशी निघाली की माल ना वरच्यांना, ना खालच्यांना. जहाज माल घेऊन आपल्या बंदरात येणार, माल आपल्या गोदामात आपल्या कुलपात राहणार, दोघांचं भांडण मिटेपर्यंत. दोघांनी मान्य केलं. म्हणजे बघा, दोघांचा एकमेकांवर विश्वास नाही, पण आपल्या कुलपावर आहे. मी ते दोनदा म्हणवून घेतलं त्याच्याकडून. माझे वडील बंदरावर नाकेदार होते, ते आज असायला हवे होते.

ओक्तायला विचारलं, पेपरात येईल का? म्हणाला, येईल, तिसऱ्या मित्रदेशाच्या प्रयत्नानं असं येईल. नाव कुणाचंच नाही. मग माझ्या खांद्यावर डोकं टेकून उभा राहिला, एवढा मोठा माणूस. मी म्हटलं, जा, साहेब वाट बघत असतील.

१३ डिसेंबर, रविवार

इल्कर आला. वाळला आहे, पण दाढी केलेली होती. मी त्याला आधी रागावले, मग जेवायला घातलं, मग पुन्हा रागावले.

दुपारी ओक्तायनं दोघांना चहाला आणलं, टोपीवाल्यांना आणि मॅडमला. एका गाडीतून नाही, पण एकाच वेळी. मॅडमनं सारमे करून आणले होते, एकटीनं, घरी. टोपीवाल्यांनी इल्करचा हात दोन्ही हातांत धरला आणि कॅप्टनची चौकशी केली. बरे आहेत, रीझेला गेले. मग बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली, एक सारमा उचलला, निरखला, खाल्ला. आणि माझ्याकडे वळून म्हणाले:

"बाई, तुम्ही जाणकार. आमच्या घरी आजी करायची, मला जरा कळतं. वरून जी पहिली थाळी आली होती ना, तिच्यामुळे मी आमच्या राजदूतांना म्हटलं होतं की ज्या माणसानं एवढं बसून केलं त्याच्याशी बोलता येतं. तुम्ही त्यातला सारमा खाल्ला असेल. तो आणि हा, हात एकच आहे का?"

ओक्तायचा पेला ओठांपाशी थांबला. मॅडम थाळीकडे बघत होती, तिचे कान लाल झाले होते. करंगळीएवढा कुठे आणि मधल्या बोटाएवढा कुठे, आंधळ्यालाही सांगता येईल. माझ्या जिभेवर आलं होतं. खरंच आलं होतं. मी इल्करकडे पाहिलं.

"एकच," मी म्हटलं. "वरच्यांचा हात चांगला आहे."

इल्करनं तेवढ्यात एक तोंडात टाकला होता. तो माझ्या हातचं खाऊन वाढलेला, चघळता चघळता भुवया वर गेल्या. "मावशी, पण हे तर..." मी त्याच्या तोंडात दुसरा कोंबला आणि म्हटलं, आधी खा, मग बोल.

टोपीवाले हसले नाहीत. उठले, माझ्यासमोर आले आणि वाकून माझा हात हातात घेतला, ओठांना लावला, मग कपाळाला. सगळ्यांदेखत, बराच वेळ. मॅडम उठून उभी राहिली होती. खालच्यांच्या देशातही वयाला असाच मान देतात हे मला माहीत नव्हतं. चांगली पद्धत आहे. मी त्यांना बसा म्हटलं आणि आणखी चहा ओतला.